स्वस्त उताऱ्याची किंमत

मोटारप्रवाशांच्या उताऱ्यास ‘मोटेल’ हें नांव १९२५ सालीं कॅलिफोर्नियांत मिळालें. तिकडच्या प्रवासांत अशाच एका स्वस्त मोटेलांत आम्ही जातांना व येतांना राहिलों. दोन्ही वेळां मळकी चादर वांट्यास आली. तक्रार करतांच व्यवस्थापक म्हणाला, “या दरांत आणखी काय मिळणार?” अल्प मोल देणारानें चैन मागूं नये, हें खरें, पण स्वच्छता ही चैन नव्हे. भाडें कमी घेतल्यानें कर्तव्य कमी होत नाहीं. मात्र सकाळीं एकच बाई साऱ्या खोल्या झाडतांना दिसली, आणि आमचा राग ओसरला. आमच्या बचतीचा भार तिच्या पाठीवर होता. पहिला अनुभव घेऊनही, चार पैसे वांचतात म्हणून, आम्ही तेथेंच परतलों होतों. मग त्या मळांत आमचा वांटा नव्हता, असें कोणत्या तोंडानें म्हणावें?