धाब्याचा कठडा

चाळीसगावाकडील जुन्या मातीच्या धाब्यांवर दिवसां मिरच्या-कुरडया वाळत, उन्हाळ्यांत रात्रीं अंथरुणें पडत. प्राचीन यहुद्यांचेंहि तसेंच. राहाबेनें हेरांस धाब्यावरच जवसाच्या काड्यांखालीं लपविलें. पेत्र तेथेंच प्रार्थनेस गेला. परंतु बायबलांतील 'अनुवाद' या ग्रंथाच्या 22 व्या अध्यायांत एक आज्ञा आहे: नव्या घराच्या धाब्यास कठडा घालावा, नाहीं तर तेथून पडणाराच्या रक्ताचा दोष घरावर येईल. पडणारा बोलावून आला होता कीं आगंतुक, हें ती विचारीत नाहीं. येथेंच आम्हांस तिचें थोरपण वाटतें. आपण मात्र शेजाऱ्याचें पोर पडलें तर आधीं त्याच्या आईस बोल लावतों, मग दैवास. आमच्या वडिलार्जित धाब्यास तीन बाजूंनीं कठडा नव्हता, आणि आम्ही त्यावर स्वस्थ निजत होतों.