घरभेदी कोणाला म्हणावे?

रामकथेत बिभीषणाचा प्रसंग निघाला की श्रोत्यांतून एखादा तरी हळूच म्हणतो, "काही झाले तरी घरभेदीच तो!" कथेकरी महाराज त्याला शरणागतीचा महिमा सांगतात, आणि तो खराच आहे. पण शंका पुरती फिटत नाही, कारण बिभीषणाला शेवटी लंकेचे राज्य मिळाले. ज्याच्या पदरात काहीच पडले नाही, उलट हाताशी आलेले गेले, अशा माणसाचे काय? असा एक माणूस इतिहासात आहे. तो दिल्लीच्या तुघलक दरबारातला.

काळ आपल्याला अगदी परका नाही. नामदेवरायांच्या समाधीचे साल परंपरेने शके १२७२, म्हणजे इ. स. १३५० धरतात. पुढच्याच वर्षी, मार्च १३५१ मध्ये, सिंधमध्ये थट्ट्याजवळ छावणीत सुलतान मुहम्मद तुघलक वारला. देवगिरीचे दौलताबाद करून तिथे राजधानी आणणारा तो हाच. त्याच्या घराण्यात भाऊबंदकी नवी नव्हती. बहाउद्दीन गुर्शास्प या आतेभावाने दक्षिणेत सगर येथे बंड केले, तर मुहम्मदाने त्याची जिवंतपणी कातडी सोलवली.

मुहम्मदाच्या मागे छावणीतल्या सरदारांनी त्याचा चुलतभाऊ फिरोज याला गादीवर बसवले. मुहम्मदाची बहीण खुदावंदजादा हिला ते मुळीच रुचले नाही. मेलेल्या राजाचा सख्खा भाचा, म्हणजे आपला मुलगा दावर मलिक, समोर असताना चुलतभाऊ कसा काय, असे तिचे म्हणणे. सरदारांनी ऐकले नाही. ती गप्प राहिली. गप्प राहणे निराळे आणि मनातून जाणे निराळे, हे आपण घरोघरी पाहतोच.

फिरोज दिल्लीत स्थिर झाला. बहिणीचा मान राखायचा म्हणून तो दर शुक्रवारी नमाजानंतर तिच्या वाड्यावर जाई. दोघे बसून बोलत. निघताना ती पान देई, ते घेऊन तो उठे. या विड्याच्या रिवाजाभोवतीच तिने आणि तिचा पती खुसरो मलिक याने कट रचला. शेजारच्या दालनांत हत्यारबंद माणसे लपवली. तिने डोईवरचा पदर सावरला, की त्यांनी बाहेर पडून फिरोजला तोडायचे. (कंस आणि देवकी हीसुद्धा चुलत भावंडेच. तिथे भाऊ बहिणीच्या जिवावर उठला, इथे बहीण भावाच्या.)

दावर मलिक आईच्या मागे बसला होता. कट यशस्वी झाला असता तर गादी त्याच्याकडेच यायची होती. त्याने काय केले? आईला दिसणार नाही असा फिरोजला इशारा केला : उठा, निघा. फिरोज उठला. खुदावंदजादा म्हणाली, पान तरी घेऊन जा. मुलगा आजारी आहे, पुन्हा येईन, असे सांगून तो बाहेर पडला. शम्स सिराज अफीफ या इतिहासकाराने हा प्रसंग तपशिलाने लिहून ठेवला आहे.

आता सांगा माउली, दावर मलिक घरभेदी की नाही? आईचे गुपित त्याने फोडले, हे तर खरेच.

कैकेयीने भरतासाठी राज्य मागितले आणि भरताने ते लाथाडले, हे उदाहरण इथे जवळचे वाटते. पण भरत आला तेव्हा सगळे घडून गेले होते. आईला बोल लावायला आणि विचार करायला त्याला सवड मिळाली. दावर मलिकच्या हाती होते ते पदर सावरायच्या आधीचे चार क्षण. विदुराने लाक्षागृहाची सूचना धर्मराजाला आडवळणाने दिली, ती याच्याशी जास्त जुळते. विदुरही कौरवांच्याच घरात राहत होता आणि त्यांचेच अन्न खात होता. त्याला कोणी घरभेदी म्हणत नाही. कारण मला असे दिसते की घराचे गुपित आणि घरात शिजलेले पाप या दोन गोष्टी आपण मनात वेगळ्या ठेवतो, तोंडाने मात्र दोन्हींना एकच नाव देतो. आईची लाज झाकणे हा मुलाचा धर्म आहे. आईच्या हातून विश्वासाने आलेल्या पाहुण्याचा खून होऊ देणे हा मात्र मातृभक्तीचा भाग कसा होईल? त्या इशाऱ्याने फिरोजचा जीव वाचला, तसा आईचा हातही रक्तापासून वाचला.

कोणी म्हणेल, वाचवला तो तरी कोण? याच फिरोजने पुढे जगन्नाथपुरीवर स्वारी केली, देवालयाचा विध्वंस केला. त्या दिवशी मेला असता तर बरेच झाले असते! हा आक्षेप मला हलका वाटत नाही. पण पुढचे कोणाला दिसते? दावर मलिकला दिसत होता तो आपल्या घरी बसलेला मामा आणि भिंतीपलीकडची हत्यारे. एखाद्याचा जीव वाचवण्याआधी त्याचे उरलेले आयुष्य तपासायचे म्हटले, तर कोणालाच हात देता येणार नाही.

आपल्याकडे हत्यारे नसतात, कागद असतात. चुलतभाऊ मुंबईला आहे तोवर वारसनोंद उरकून घेऊ, त्याला कळवायचे नाही, असे थोरले सांगतात. घरातला मुलगा ते ऐकतो. पंढरीच्या वाटेवर तो त्याच चुलतभावाच्या पाया पडणार असतो आणि तो भाऊ त्याच्या. मुलाने बोलावे, तर ताटातल्या अन्नाची आठवण करून दिली जाते. न बोलावे, तर ज्या जमिनीत त्या भावाचा घास आहे तीच पुढे त्याच्या नावावर चढते. दावर मलिकसारखे इथेही लाभ गप्प बसण्यातच आहे.

कट उघडकीला आला. लपलेली माणसे धरली गेली, त्यांनी कबुली दिली. फिरोजने बहिणीचा जीव घेतला नाही. तिची दौलत सरकारजमा केली, तनखा बांधून दिला आणि तिला एकांतात ठेवले. खुसरो मलिकला हद्दपार केले. दावर मलिकला हुकूम झाला, की दर महिन्याच्या आरंभी ठरवून दिलेल्या वेशात दरबारी हजर व्हायचे. ज्याने जीव वाचवला त्याच्यावरही अशी नजर! आईच्या लेखी तो फितूर, सुलतानाच्या लेखी गादीचा एक हक्कदार. तरीही त्या शुक्रवारी तो आईच्या मागे बसला होता आणि हात हलवायचा की नाही, हे त्याचे त्यानेच ठरवले होते.