पापाचे वाटेकरी

वाल्या कोळ्याला नारदाने विचारलेला प्रश्न साधा आहे. तू करतोस त्या पापात घरचे वाटेकरी होतील का? बायकापोरं नाही म्हणाली आणि वाल्याचे डोळे उघडले. शाळेत असताना मला वाल्याने पापागणिक रांजणात टाकलेल्या खड्यांचं कौतुक वाटायचं. आता दहिसर स्टेशनजवळच्या गल्ल्यावर बसून लोकांच्या फोनचे पैसे घेण्यात अर्धा जन्म गेल्यावर वाटतं, वाल्या नशीबवान होता. घरी जाऊन विचारण्याची त्याला सोय होती. तो एखाद्या कंपनीत नोकरीला असता, तर कुणाच्या दारात उभा राहिला असता?

माझं आधी पीसीओ होतं. पिवळा बोर्ड, काचेची केबिन, आत नावापुरता पंखा. मीटरचे लाल आकडे गिऱ्हाइकाच्या नाकासमोर पळायचे. वसई-विरारचा कोड 0250, म्हणजे इथून लोकलने पाऊण तासाच्या आतलं गाव टेलिफोनच्या हिशेबात परगाव. माणसं एक डोळा मीटरवर ठेवून बोलायची. पल्स, म्हणजे आकारणीचा पुढचा टप्पा, पडणार असं दिसलं की ‘बरं, ठेवतो’ म्हणायची, आणि तरीही एखाद्याचा ‘ठेवतो’ पल्सच्या पलीकडे जायचा. त्या एका सेकंदाचे पैसे पूर्ण पल्सचे. भांडणं व्हायची, पण चोरी झाली असं कुणी म्हणत नसे. कारण आकडा दोघांनाही दिसत होता.

मोबाइल आला आणि मीटर गिऱ्हाइकाच्या समोरून गेला. मिनिटाच्या पल्सवर एकसष्टाव्या सेकंदाला दोन मिनिटांचे पैसे कापले जायचे, आणि ते पडताना कुणी पाहत नव्हतं. 2009 साली टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला, तेव्हा बाकीच्या कंपन्याही भराभर सेकंद मोजायला लागल्या. मला त्यातलं स्वस्ताईचं विशेष वाटलं नाही. सेकंद मोजता येतात हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं, एवढंच त्यातून कळलं.

शेजारचे कापडवाले जैन. पर्युषणात दुपारी दुकानात गर्दी नसली की ते माझ्याकडे येऊन बसतात, आणि उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात चोरीबद्दल काय सांगितलंय ते मला त्यांच्याकडूनच कळलं. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. रक्कम किती, वस्तू लपवून नेली की उघड, याचा तिथे संबंध नाही. पुढे गृहस्थाच्या अचौर्य व्रताला लागणारे पाच दोष येतात: चोराला उत्तेजन देणं, चोरीचा माल घेणं, राज्याने घातलेली मर्यादा ओलांडणं, वजनमापात कमीजास्त करणं आणि अस्सल म्हणून नकली खपवणं. मी हसलो. म्हटलं, शेठ, ही तर माझ्या धंद्याची यादी आहे.

खरंच आहे. वजनमाप घ्या. रिचार्जचा महिना अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा महिने. आपल्या पंचांगातला चांद्रमहिनासुद्धा साडेएकोणतीस दिवसांचा असतो आणि अधिक मास साधारण तीन वर्षांतून एकदा येतो. कंपन्यांचा अधिक मास दरवर्षी, आणि अनारसे आपणच द्यायचे! शेवटी जानेवारी 2022मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने सांगितलं की निदान एक प्लॅन तीस दिवसांचा ठेवा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला संपणारा. ‘निदान एक’ म्हटलं होतं, तेवढं झालं. बाकीचे बहुतेक जिथे होते तिथेच.

नकली मालाचं म्हणाल तर 1800 आणि 1860. पहिल्या नंबरला पैसे कंपनी भरते, दुसऱ्याला फोन करणारा. दिसायला दोघे सख्खे भाऊ. तक्रार करायला 1860 लावून माणूस ‘आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है’ ऐकत बसतो, आणि आपण पैसे देऊन ताटकळतोय हे त्याच्या गावीही नसतं. हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडमध्ये 080चे नंबर ‘फ्रीफोन’ म्हणवत आणि मोबाइलवरून लावले तर अनेकदा पैसे पडत. 2015च्या जुलैपासून तिथल्या नियामकाने, ऑफकॉमने, ते मोबाइलवरूनही फुकट करायला लावले. फुकट म्हणवणारी गोष्ट फुकट असावी यासाठीही नियम करावा लागतो.

राज्याच्या मर्यादेचा दोष मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. आपण सरकारी नियम मोडणं आणि पाप करणं हे वेगवेगळ्या खात्यांत टाकतो. पहिल्याला दंड, दुसऱ्याला देव. उमास्वातींनी ते एकाच खात्यात मांडलं, तेही खोट्या मापाला लागून. मला ते पटतं. मर्यादा घालावी लागते ती ज्याला मीटर दिसत नाही त्याच्यासाठी, आणि ती मोडली जाते तीही त्याच्याच जिवावर.

रावळपाड्याहून एक मावशी येतात. घरकामं करतात, बटणांचा फोन. एकदा गल्ल्यावर फोन ठेवून म्हणाल्या, “भाऊ, तीस रुपये गेले. गाण्याचे म्हणे. मी कुठलं गाणं लावलं?” कॉलरट्यून होती. मी माझ्या फोनवरून लावून त्यांना ऐकवली. ढोलकी, कसलंसं आयटम साँग. त्या चपापल्या. “म्हणजे मॅडम मला फोन लावतात तेव्हा हे वाजतं?” पैशांचं दुःख त्या विसरल्या, लाज वाटली. जे मागितलं नाही, जे स्वतःला कधी ऐकूही येत नाही, त्याचे पैसे त्या भरत होत्या. 155223 लावून आम्ही ते बंद केलं.

यावरही नियम होता. जुलै 2013मध्ये ट्रायने सांगितलं की अशी सेवा सुरू करायची तर ग्राहकाची संमती दोनदा घ्या. मग स्क्रीनवर आपोआप उगवणारा चौकोन आला, खाली ‘ओके’. इंग्रजी न वाचणारा माणूस तो घालवायला जे बटण दाबतो, ते ओकेच असतं. दोनदा दाबलं की दोनदा संमती. ‘दिलेलं’ कशाला म्हणायचं, हा प्रश्न मग शास्त्रात उरत नाही, अंगठ्यावर येतो.

कॉल तुटला तर रुपया परत, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम ट्रायने 2015च्या ऑक्टोबरात केला. मे 2016मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मनमानी ठरवून रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल. कॉल कुणाच्या दोषाने तुटला हे सिद्ध करणं सोपं नाही. पण माझ्या मनात तो रुपया अडकून राहिला.

आमच्या दहिसरच्या टोलनाक्यावरचे पैसे निदान हातातून जायचे. माणूस काच खाली करायचा, शिवी घालायचा, सुटे मोजायचा. लहान गाड्यांचा तो टोल 2024च्या ऑक्टोबरात माफ झाला, कारण ज्यांच्या हातातून पैसे जात होते त्यांना राग येत होता. तीस रुपयांच्या गाण्याचा राग एकेकट्याला येतो, तोही कळलं तर.

मग वाटेकरी कोण? डिस्ट्रिब्युटरचा पोरगा येतो, त्याला मी विचारलं होतं. म्हणाला, “काका, स्कीम वरून येते.” वरचा म्हणणार बोर्डाने ठरवलं, बोर्ड म्हणणार भागधारकांसाठी. भागधारकांत तुमचा-आमचा म्युच्युअल फंड आहे. रिचार्जमागे कमिशन मीही घेतो, म्हणजे यादीतला चोरीचा माल घेणारा मी. वाल्याच्या घरच्यांनी नाही म्हटलं, त्यामुळे पाप निदान वाल्याच्या नावावर राहिलं. इथे प्रत्येक जण खरं बोलून नाही म्हणतो आणि पाप कुणाच्याच नावावर चढत नाही. शेठ म्हणतात, कर्म चुकत नाही, प्रत्येकाला पूर्ण लागतं, वाटणी होत नाही. मला हा हिशेब भीतिदायक वाटतो आणि न्यायाचाही.

परवा तोच पोरगा आला. महिनाअखेर आहे, टार्गेट राहिलंय, दोन सिम घ्या म्हणाला. मी विचारलं, कुठल्या महिन्याची अखेर, अठ्ठावीसची की तीसची? तो हसला. त्याचा पगार एक तारखेला होतो.