हुंकार

आमच्या घरी टीव्ही मोठा आहे म्हणून नाही, तर ओटी मोठी आहे म्हणून पाड्यावरच्या बाया संध्याकाळी आमच्याकडे जमतात. कुणी डहाणूकडच्या चिकूच्या वाडीतून आलेली, कुणी फुग्याच्या कारखान्यातून, कुणाची सून उंबरगावच्या कंपनीतून अजून यायची असते. भाकर थापून, पोरं निजवून त्या येतात आणि मालिका लागते. गेली काही वर्षं सगळ्यात लाडकी मालिका म्हणजे ‘ठरलं तर मग’. 2022 च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हापासून आमच्या ओटीवर तिचा खाडा नाही. तिच्यातला नायक अर्जुन वकील. नायिका सायली ज्या आश्रमात वाढली, तो चालवणारे मधुभाऊ खुनाच्या खोट्या आळात तुरुंगात. त्या म्हाताऱ्याच्या खटल्याच्या तारखा आमच्या बायांना स्वतःच्या रेशनच्या तारखेपेक्षा जास्त पाठ असत.

कोर्टाचा देखावा लागला की ओटी चिडीचूप. पिंजऱ्यात साक्षीदार उभा, वकील त्याच्याभोवती फेऱ्या मारतोय, तीनदा ढॅण् ढॅण् वाजलं की समजायचं, खोटं पकडलं गेलं. खोटं बोलणाऱ्याला घाम फुटतो, त्याची नजर खाली जाते. खरं बोलणारी बाई रडते, पण बोलते मात्र घडाघडा.

अशाच एका रात्री भिंतीला टेकून बसलेली मावशी म्हणाली, “गुरजी, ही बाय एवढी बोलली. लिवणारा कुठं हाय?”

बाकीच्या हसल्या. मी हसलो नाही. ओटीवरच्या सगळ्यांत कोर्टाच्या पिंजऱ्यात उभी राहिलेली ती एकटीच होती. आणि त्या दिवशी तिच्या शेजारी मी उभा होतो.

मालिकेतल्या कोर्टात काय काय खोटं असतं ते सांगत बसलो तर रात्र पुरणार नाही. जज्जसाहेबांच्या हातात हातोडा असतो. आपल्या कोर्टात तसा हातोडा आपटायची रीतच नाही. गीतेवर हात ठेवून शपथ घेतात. 1969 च्या शपथ कायद्यात गीतेचं नाव नाही. ईश्वरसाक्ष सांगा, नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेवर सांगा, एवढंच. आरोपी शेवटी ओरडून गुन्हा कबूल करतो, तसं मी तरी कधी पाहिलं नाही. पण मावशीने नेमकं बोट ठेवलं ते लिहिणाऱ्यावर. खऱ्या कोर्टात वर पंखा घरघरतो, बाहेर शिपाई पुढच्या केसचा पुकारा करतो, साक्षीदार काहीतरी बोलतो, आणि त्यातलं कागदावर उतरेल तेवढंच उरतं. बाकीचं त्या पंख्याबरोबर फिरून जातं.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. पालघर जिल्हा व्हायला (तो झाला 1 ऑगस्ट 2014 ला) अजून वीसेक वर्षं होती. आम्ही ठाणे जिल्ह्यातले. तलासरी तालुक्यात, उधव्याच्या बाजूला मी तेव्हा नवा मास्तर होतो. दिवाळीनंतर गवत कापणी सरली की वखारीवर मजुरीचा हिशेब होतो. त्या हिशेबावरून बाचाबाची झाली आणि मावशीच्या थोरल्या भावाच्या डोक्यात काठी बसली. टाके पडले, एका कानाने ऐकू येणं गेलं ते गेलंच. काठी मारली म्हणून केस झाली ती वखारवाल्यावर. बाजारात त्याचं किराणा दुकानही होतं. जवळून पाहणारी एकटी मावशी. दिवेलागणीची वेळ, वखारीत पेट्रोमॅक्स पेटलेला. तिने पाहिलं होतं. निदान त्या रात्री माझ्या खोलीवर येऊन तिने मला जे सांगितलं, त्यात कुठेही अडखळणं नव्हतं.

साक्षीची तारीख आली. मावशी बोलणार वारलीत, म्हणून दुभाषा लागला. मास्तर आहे, पाड्यावर राहतो, भाषा जाणतो, म्हणून मलाच उभं केलं. दुभाष्यालाही शपथ असते हे मला त्या दिवशी कळलं. साक्षीदार जे बोलेल ते खरंखरं सांगेन अशी मी शपथ घेतली. माझे पाय थोडे कापत होते, आणि खोटं कशाला सांगू, थोडी ऐटही वाटत होती.

सरतपासणी ठीक गेली. मग उलटतपासणीला आरोपीचे वकील उठले. शांत माणूस. फेऱ्या मारल्या नाहीत, आवाज चढवला नाही.

“संध्याकाळ झाली होती?”

“हो.”

“अंधार पडला होता?”

“हो.”

“गर्दी होती, सगळे ओरडत होते?”

“हो.”

“म्हणजे काठी कुणाच्या हातात होती ते तुम्हाला नीट दिसलं नाही?”

“हो.”

मी प्रत्येक वेळी सांगितलं, “हो म्हणते.” ते टाईप झालं. सरकारी वकिलांनी फेरतपासणीत विचारलं, तू स्वतः पाहिलंस ना? “हो.” साहेबांनीही स्वतःहून एकदा विचारलं, न्यायाधीशाला तसा अधिकार असतो. “बाई, घाबरू नका. दिसलं होतं की नव्हतं?” मावशीने पायाच्या अंगठ्याकडे बघत सांगितलं, “हो.”

दिसलं यालाही हो आणि दिसलं नाही यालाही हो. अशा साक्षीवर कुणाला शिक्षा देणार? वखारवाला सुटला. साहेबांच्या जागी मी असतो तर मीही सोडलाच असता, हे मला आजही वाटतं.

पण तो ‘हो’ काय होता, हे त्या खोलीत एका माणसाला माहीत होतं. आमच्याकडे रात्री शेकोटीपाशी कुणी गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्यातला एक जण हुंकार भरतो. सांगणाऱ्याने वाक्य संपवलं की “हां”, पुढचं संपवलं की “हां”. त्याचा अर्थ ‘तू म्हणतोस ते खरं’ असा नसतो. ‘ऐकतोय, पुढं बोल’ असा असतो. मावशी त्या काळ्या कोटातल्या माणसाला हुंकार देत होती. मोठा माणूस बोलतोय तर गप्प कसं राहायचं?

त्या हुंकारात भीतीही होतीच. या मुलखात ‘हो’ म्हणणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची ढाल होती. सावकाराला हो, जंगलातल्या शिपायाला हो. सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने 1939 च्या आपल्या अहवालात इथल्या वेठीबद्दल लिहून ठेवलंय. लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून नवराबायकोने जमीनदाराकडे आयुष्यभर राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. अशा घरात वाढलेलं माणूस कोऱ्या कागदावर अंगठा उठवतं आणि वर विचारतं, अजून कुठं उठवू?

या मुलखाचं पहिलं मोठं ‘नाही’ निघालं ते 23 मे 1945 ला, तलासरीजवळ झरी गावात. हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. त्याच वर्षी गवत कापणीचा संप झाला, 500 पौंड गवताला अडीच रुपये मागितले, आणि 10 ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबरचे चौघे गेले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मधून हे पुष्कळांना ठाऊक आहे. मावशीचा बाप झरीच्या सभेला गेला होता, असं ती अजून अभिमानाने सांगते. मग त्याचीच लेक पिंजऱ्यात एक ‘नाय’ का म्हणू शकली नाही? मी यावर खूप विचार केलाय. बापाबरोबर झरीला हजारो होती. पिंजऱ्यात ती एकटी होती, आणि शेजारी होतो मी.

हे सगळं मला ठाऊक असताना मी “हो म्हणते” एवढंच का म्हणालो?

बरीच वर्षं मी स्वतःला एक उत्तर देत आलो. शपथ घेतली होती. दुभाष्याने आपल्या पदरचं घालायचं नसतं. आज मी तिच्या ‘हो’चा ‘नाही’ करीन, उद्या दुसरा कुणी पैसे घेऊन ‘नाही’चा ‘हो’ करील. बिनगुन्ह्याचा माणूस दुभाष्याच्या कनवाळूपणामुळे आत जाऊ शकतो. हे उत्तर खोटं नाही. माझ्या एका वकील मित्राला विचारलं तर तोही म्हणाला, “तू शब्द बदलला नाहीस हे बरोबरच. पण हात वर करून सांगता आलं असतं की साहेब, ही बाई प्रश्नाला उत्तर देत नाहीये, नुसती ऐकतेय. प्रश्न एकेक तोडून पुन्हा विचारा.” तेवढंच. त्याला कोणत्याही शपथेची आडकाठी नव्हती.

आणि दुसरी गोष्ट मित्रालाही सांगितली नव्हती, ती इथे लिहितो. पाड्यावर सगळ्यांना ‘तू’च म्हणतात, देवालासुद्धा. सरतपासणीत मावशी साहेबांना म्हणाली होती, “तू इचार, मी सांगते.” मी तिकडे सांगितलं, “साहेब, आपण विचारावं, मी सांगेन असं ती म्हणते.” ‘तू’चं ‘आपण’ करताना मला शपथ आठवली नाही. साहेबांचा मान राखायचा तर शब्द बदलायला मी मोकळा होतो. मावशीचा अर्थ राखायची वेळ आली तेव्हा मात्र मी एकदम काटेकोर झालो.

वखारवाल्याच्या दुकानात माझं किराण्याचं खातं होतं. पगार लांबला तर तो थांबायचा. त्याने मला एका शब्दाने काही सुचवलं नव्हतं. सुचवलं असतं तर कदाचित मी चिडून उलट वागलो असतो.

म्हणून मला मालिकेतलं कोर्ट बघवत नाही आणि उठूनही जाववत नाही. तिथलं सत्य स्वतःच्या पायावर उभं राहून बोलतं. ऐकणाऱ्यांना काही करावंच लागत नाही, नुसतं खुर्चीवर बसून थक्क व्हायचं. नजर खाली गेली म्हणजे खोटं, हे आमची पोरं तिथूनच शिकतात. इथे थोरामोठ्यांपुढे नजर खाली ठेवायला आम्हीच त्यांना शिकवलंय. साक्षीदाराच्या वागण्याबोलण्याची नोंद करायची मुभा कायद्याने न्यायाधीशाला दिलीय. पण खाली गेलेली नजर लाजेची, भीतीची की लबाडीची, हे कुठल्या कलमात लिहिणार?

तरी मालिकांना सरसकट नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ सिनेमा, 2014 चा, मुलाने मला मोबाईलवर दाखवला. त्यातलं कोर्ट अगदी खरं आहे, तसंच कंटाळवाणं, तारखा घेणारं. मी डोळे न हलवता पाहिला. मुलगा मध्येच झोपला. ओटीवरच्या बाया तर दहा मिनिटंही बसल्या नसत्या. उलट अर्जुनवकिलाच्या पायी त्यांना एवढं कळलंय की गरिबाच्या बाजूनेही वकील उभा राहू शकतो. मग त्या विचारतात, “गुरजी, फुकट भेटतो का असा?” मी सांगतो, भेटतो. 1987 च्या विधी सेवा कायद्यात बाईला आणि आदिवासीला मोफत वकील आहे, उत्पन्न कितीही असो. हे मी शाळेत इतकी वर्षं सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी आम्ही एकाच एसटीने परतलो होतो. मावशी खिडकीशी, मी तिच्या शेजारी. तलासरी येईपर्यंत कुणी बोललं नाही. मग तीच म्हणाली, “तू तर मी बोलले तेच बोललास, गुरजी.” तिच्या आवाजात राग नव्हता. किराण्याचं खातं मी पुढे दोन वर्षं त्याच दुकानात ठेवलं.

परवा जाहिराती लागल्या, बाया पाणी प्यायला उठल्या, तेव्हा मी मावशीच्या जवळ सरकलो. तीस वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, “मावशी, त्या दिवशी वखारीत तुला दिसलं होतं ना, काठी कुणी मारली ते?”

तिने टीव्हीवरची नजर काढली नाही.

“हो,” म्हणाली.

मी आणखी काही विचारणार, तेवढ्यात जाहिराती संपल्या आणि तिने मला हाताने गप्प बस म्हणून खुणावलं.