नॉर्थ ब्लॉकचे पाच मेसेज

१७ ऑगस्ट २०१२, शुक्रवार. सोलापूरच्या सुशीलकुमार शिंदे यांना केंद्रीय गृहमंत्री म्हणून दिल्लीच्या नॉर्थ ब्लॉकमध्ये येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. बंगळुरूहून गुवाहाटीकडे निघालेल्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती, रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागत होत्या. पुण्यातूनही मणिपुरी, आसामी, नागा मुलंमुली गाशा गुंडाळत होती. त्या दिवशी दिल्लीहून मोबाइल कंपन्यांना आदेश गेला: पंधरा दिवस बल्क एसएमएस आणि एमएमएस बंद. ग्राहकाच्या वाट्याला दिवसाला पाच एसएमएस उरले.

मूळ आग आसामातली होती. जुलैमध्ये कोक्राझार परिसरात बोडो आणि मुस्लिम यांच्यात हिंसाचार भडकला, लाखो लोक छावण्यांत गेले. मग भलत्याच ठिकाणच्या, भलत्याच घटनांच्या प्रेतांचे फोटो ‘आसाममध्ये बघा काय चाललंय’ म्हणून फिरू लागले. ११ ऑगस्टला मुंबईत आझाद मैदानावर निषेध सभेचं रूपांतर दंगलीत झालं, दोघांचा जीव गेला. पाठोपाठ ईशान्येकडच्या लोकांच्या फोनवर निरोप येऊ लागले: २० तारखेच्या ईदच्या आत शहर सोडा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. पुण्यात त्या आधीच्या दिवसांत ईशान्येकडच्या काही तरुणांना खरोखरच मारहाण झाली होती, पोलिसांनी अटकाही केल्या होत्या. म्हणजे अफवा अगदीच हवेतून आलेली नव्हती. कोंढव्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला चार ओळखीच्यांना मार बसल्याचं कळलेलं असताना पाचवा निरोप खोटा आहे, हे तिने ठरवायचं कशावरून? विचारून, फोन करून, मेसेज पाठवूनच. नेमक्या त्याच वेळी दिवसाला पाचाची मर्यादा आली. इंफाळमधल्या आईला ‘सुखरूप आहे’ कळवायचं, कॉलेजच्या मैत्रिणीला विचारायचं, तिकिटाचं बघणाऱ्या भावाला सांगायचं, की संपले पाच. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांचं तर फोनवरचं अख्खं बोलणंच एसएमएसवर चालत होतं.

अफवा पसरवणाऱ्याचा आणि अफवेने घाबरलेल्याचा फोन एकाच मापाने मोजला गेला, ही त्या आदेशातली खरी खोट. सरकारलाही ती जाणवली असावी. आठवड्याच्या आतच मर्यादा वीसवर नेण्यात आली आणि महिना संपता संपता बंदी उठली. दरम्यान तीनशेहून अधिक वेबपानं आणि खाती रोखण्याचे आदेशही निघाले होते. त्यांत खोट्या फोटोंचं पितळ उघडं पाडणारी काही पानंही अडकली. औषधच रोगाच्या यादीत गेलं.

विशेष म्हणजे महिनाभर आधीच, १३ जुलैला, दिल्ली उच्च न्यायालयाने दूरसंचार नियामक ट्रायने घातलेली दिवसाला दोनशे एसएमएसची मर्यादा वैयक्तिक मेसेजपुरती रद्द केली होती. जाहिरातींचा उपद्रव थांबवायचा असेल तर जरूर थांबवा, पण नागरिकांच्या खासगी बोलण्यावर टाच आणता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

मेसेज अडवला की अफवा अडते, हे गृहीतक दिल्लीत तरी टिकणारं नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये गणपती दूध पितो ही वार्ता दिल्लीतूनच निघाली आणि दिवस मावळायच्या आत देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. मोबाइल तेव्हा मूठभरांकडे होता. मे २००१ मध्ये गाझियाबाद आणि पूर्व दिल्लीत ‘काला बंदर’ आला. उकाड्यात गच्चीवर झोपलेले लोक आरडाओरडा ऐकून पळाले, खाली पडले, त्यात जीवही गेले. माकड कधीच सापडलं नाही. दिल्लीलगतच्या दादरीजवळ बिसाहडा गावात २०१५ मध्ये गोमांसाची अफवा देवळाच्या भोंग्यावरून सांगण्यात आली आणि जमावाने एका माणसाला घरात घुसून ठार मारलं. तिथे कुठल्या एसएमएसची गरज पडली?

तरीही वेगाला लगाम घालण्यात काहीच अर्थ नाही, असं म्हणता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्यांतले बहुतेक शिंद्यांच्याच सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढ्याकडचे. त्यानंतर केंद्राने व्हॉट्सअ‍ॅपला खडसावलं आणि त्याच महिन्यात भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा जाहीर झाली. आकडा पुन्हा पाच, पण गोष्ट वेगळी. इथे स्वतः लिहिलेल्या शब्दांवर बंधन नव्हतं. दुसऱ्याचं उचलून पुढे ढकलण्यावर होतं. त्याच्या डोक्यावर ‘फॉरवर्डेड’ ही पट्टीही दिसू लागली होती. माणसाचं बोलणं शाबूत ठेवून गर्दीचा वेग कमी करणारा हा उपाय २०१२ च्या आदेशापेक्षा कितीतरी शहाणा होता.

दिल्लीच्या परिसरात मात्र तो शहाणपणा प्रशासनाच्या अंगी मुरलेला दिसत नाही. ३१ जुलै २०२३ ला हरियाणातल्या नूहमध्ये ब्रजमंडल यात्रेच्या वेळी दंगल पेटली, तिच्यात सहा जण गेले. चिथावणीचे व्हिडिओ आदल्या दिवसांत उघड फिरत होते. इंटरनेट बंद झालं ते दगडफेक सुरू झाल्यावर. हरियाणाच्या अशा आदेशांत एक ठरलेलं वाक्य असतं: बँकिंग आणि मोबाइल रिचार्ज वगळून बल्क एसएमएस बंद. नूहमध्ये ही बंदी वाढत वाढत ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. त्याच दिवसांत गुरुग्रामच्या झोपड्यांतून बंगाली मुस्लिम मजूर, घरकाम करणाऱ्या बाया बिऱ्हाड पाठीवर टाकून निघाल्या. बंगळुरूचं स्टेशन अकरा वर्षांनी गुरुग्रामला आलं होतं. दमदाटी तोंडी होत होती आणि तिला उत्तर देणारा सरकारी आवाज त्या वस्त्यांपर्यंत पोचत नव्हता.

उलट उदाहरणही दिल्लीचंच आहे. फेब्रुवारीतल्या, ५३ बळी घेणाऱ्या दिल्ली दंगलीनंतरच्या रविवारी, १ मार्च २०२० च्या संध्याकाळी, पश्चिम आणि आग्नेय दिल्लीत पुन्हा मारामारी पेटल्याची आवई उठली. मेट्रोने टिळकनगरसह काही स्टेशनांचे दरवाजे थोडा वेळ बंद केले, त्याने घबराट वाढलीच. पण पोलिसांनी ट्विटरवरून तातडीने सांगितलं: असं काही घडलेलं नाही. अफवा त्याच रात्री विरली. काही दिवसांपूर्वी दंगल न रोखू शकलेले हेच पोलीस बोलले, आणि बोलण्याचा उपयोग झाला.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात बजावलं आहे की इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील, बंदी गरजेपुरतीच असावी लागेल आणि तिचा वेळोवेळी फेरविचार व्हावा लागेल. त्याला एका गोष्टीची जोड हवी. ईशान्येच्या नागरिकांसाठी दिल्ली पोलिसांनी स्वतंत्र पथक आणि १०९३ हा क्रमांक सुरू केला, तशी सोय दंगलग्रस्त भागातल्या प्रत्येक घाबरलेल्या समाजासाठी, त्याला कळणाऱ्या भाषेत, बंदी लागू होण्याच्या क्षणापासून असली पाहिजे. सरकारने लोकांचे मेसेज थांबवले, तर त्या तासांत काय घडलं, काय घडलं नाही आणि मदत कुठे मिळेल हे सांगणारे मेसेज सरकारनेच प्रत्येक फोनवर पाठवावेत. हे ज्या आदेशात नाही, तो आदेश अर्धवट आहे.