नकाराचा अधिकार : विद्यार्थ्यांचे शोधनिबंध आणि परीक्षणाची नीती

संशोधक विद्यार्थ्याचा शोधनिबंध एखाद्या नियतकालिकाने नाकारला की त्याच्यावर अन्याय झाला, असे मानण्याकडे सर्वसाधारण कल असतो. निबंध स्वीकारला गेला, छापून आला, प्रमाणपत्र हाती पडले म्हणजे न्याय झाला, हे त्याच समजुतीचे दुसरे अंग होय. ही समजूत तपासून पाहणे आवश्यक झाले आहे. गेल्या दीड दशकात विद्यापीठांच्या भाषाविभागांतून जे निबंध छापले गेले, त्यांतील पुष्कळांच्या बाबतीत नकाराचा प्रसंगच उद्भवला नाही. कारण नकार देण्याइतके लक्षपूर्वक ते कोणी वाचलेच नव्हते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनी पीएच. डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी रेफरीड जर्नलमध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला पाहिजे, अशी अट घातली. 2016 च्या विनियमांनी ती कायम ठेवली आणि चर्चासत्रांतील दोन निबंधवाचनांची तीत भर घातली. अटीमागील हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. 1 मे 1983 रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळ्या झालेल्या अमरावती विद्यापीठाचे उदाहरण घेतले तरी हे ध्यानात येईल. अमरावती-अकोल्याच्या आणि त्यांच्या आसपासच्या तालुक्यांतील महाविद्यालयांत सिद्ध होणारा प्रबंध मार्गदर्शक आणि बहिःस्थ परीक्षक यांच्यापलीकडे सहसा कोणी पाहत नाही. त्याला आणखी एक, अपरिचित असा वाचक मिळावा, ही अपेक्षा रास्तच होती.

प्रत्यक्षात त्या वाचकाऐवजी बाजार मिळाला. एकदिवसीय चर्चासत्र, नोंदणी शुल्कातच निबंधाच्या प्रकाशनाची हमी, आणि सत्राच्या दिवशीच हातात पडणारा जाडजूड विशेषांक, ही पद्धत आता कोणाला समजावून सांगावी लागत नाही. आयएसएसएन हा नियतकालिकाच्या ओळखीचा क्रमांक आहे. त्यातून गुणवत्तेविषयी काहीही सिद्ध होत नाही. तरी मुखपृष्ठावर तो एखाद्या सन्मानचिन्हासारखा मिरवला गेला. आयोगाने 2017 मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी जाहीर केली आणि मे 2018 मध्ये तिच्यातून 4,305 नावे वगळली. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठांनीच शिफारस केलेल्या नियतकालिकांपैकी जी तपासली गेली, त्यांतील 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा त्याचा निष्कर्ष होता. शिफारशी विद्यापीठांच्या होत्या, हे येथे विसरून चालणार नाही. पुढे 2019 मध्ये ‘केअर’ यादी आली. लगोलग यादीतील नियतकालिकांच्या नावांच्या हुबेहूब नकला निघाल्या. 2022 च्या विनियमांनी प्रबंधापूर्वीच्या प्रकाशनाची सक्ती काढली आणि 2025 मध्ये आयोगाने ती यादीही थांबवली. अट गेली, सवय मात्र उरली. कारण अध्यापक-नियुक्तीसाठीच्या 2018 च्या विनियमांनीही प्रकाशित निबंधाला गुण ठेवले होते.

या साऱ्या प्रकाराची चर्चा बहुधा फसवणुकीच्या भाषेत होते : शासनाची फसवणूक, ज्ञानव्यवहाराची फसवणूक. विद्यार्थ्याकडे या चर्चेत एक तर लाभार्थी म्हणून पाहिले जाते, नाही तर अपराधी म्हणून. त्याचे नेमके काय हिरावले गेले, हा प्रश्न मागे पडतो. वस्तुतः एखाद्याचे विधान चुकीचे आहे असे म्हणणे म्हणजे ते खरे असू शकले असते, एवढे तरी मान्य करणे होय. नकार देणारा परीक्षक विद्यार्थ्याच्या विधानाला सत्यासत्याच्या कक्षेत आणतो. न वाचता स्वीकारणारा संपादक त्याला त्या कक्षेबाहेरच ठेवतो. त्याच्या लेखी निबंध म्हणजे पाने आणि लेखक म्हणजे शुल्क. या अर्थाने सकारण नकार हा विद्यार्थ्याचा हक्क ठरतो, आणि अवाचित स्वीकार हा त्या हक्काचा भंग. त्याच न्यायाने एका ओळीचा, कारण न देणारा नकारही त्याच पंक्तीत बसतो. तेथेही वाचक अनुपस्थितच असतो.

यावर निनावी परीक्षण हा उपाय सांगितला जातो. लेखकाचे नाव काढून निबंध दोन तज्ज्ञांकडे पाठवावा, त्यांची नावे लेखकाला कळू नयेत, म्हणजे पक्षपात टळेल, असा हा युक्तिवाद आहे. मोठ्या विद्याशाखेत त्यात तथ्य असेल. मराठीच्या, त्यातही एका प्रदेशाच्या अभ्यासक्षेत्रात तो कितपत टिकतो? महानुभाव वाङ्मय, वऱ्हाडी बोली, गाडगेबाबांची कीर्तने या विषयांवर लिहिणारे किती आणि ते कोणाचे विद्यार्थी, हे परीक्षकाला पहिल्या परिच्छेदातच कळते. मार्गदर्शकाच्या आवडीच्या संज्ञा निबंधात डोकावत असतातच. शिवाय आज निबंध तपासणारा उद्या त्याच मार्गदर्शकाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचा बहिःस्थ परीक्षक म्हणून येण्याची शक्यता असते. तेव्हा येथील निनावीपणा एका दिशेनेच काम करतो. परीक्षक लेखकाला ओळखतो. ज्याच्या हाती काहीच सत्ता नाही त्या विद्यार्थ्याला तेवढे परीक्षकाचे नाव कळत नाही.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला परीक्षणाचा एक वेगळाच प्रकार तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात घडला होता. म्हाइंभटाने ‘लीळाचरित्रा’साठी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली त्याच्याकडे जाऊन त्याने ती मिळवली आणि नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेतली, असे महानुभाव परंपरा सांगते. पुढे मूळ प्रत नष्ट झाली; अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा उभा केला. तेव्हा पाठभेद दडपले गेले नाहीत. अमुक गोष्ट हिराइसेच्या आठवणीत अशी आहे, असा नावानिशी निर्देश करण्याची पद्धत रूढ झाली. विद्वान पुरुषांच्या त्या संप्रदायात एका स्त्रीची स्मरणशक्ती प्रमाण मानली गेली, ही गोष्ट साधी नव्हे. वि. भि. कोलते यांच्यासारख्या वऱ्हाडातून आलेल्या अभ्यासकाला या वाङ्मयाची पाठचिकित्सा करता आली, तिच्या मुळाशी हा नावनिशीचा प्रामाणिकपणाही आहे.

अर्थात ही तुलना फार ताणता येत नाही. रिद्धपूरची मंडळी एका श्रद्धेने बांधलेली होती. स्वामींचे चरित्र जतन करावे हा त्यांचा हेतू, त्याचे खंडन व्हावे हा नव्हे. शिवाय अखेरचा शब्द आचार्यांचा होता, आणि आचार्यांचा शब्द अखेरचा मानणे हीच तर आजच्या विभागांची एक व्याधी आहे. (मानव्यविद्यांतील निबंधावर विद्यार्थ्याच्या नावाआधी मार्गदर्शकाचे नाव येऊ लागले आहे, तो याच व्याधीचा नवा अवतार.) तरीही सांगणाऱ्याचे आणि पारखणाऱ्याचे नाव मजकुराबरोबर राहिले, एवढा धडा तेथून निश्चित घेता येतो. परीक्षकाने सही करून अभिप्राय द्यावा, म्हणजे पक्षपात नाहीसा होईल असे नाही. पण त्या पक्षपाताला उत्तर देण्याची सोय निर्माण होईल.

यातूनच अधिक अवघड प्रश्न पुढे येतो. ‘पिअर रिव्ह्यू’चे भाषांतर समकक्ष परीक्षण असे केले जाते, परंतु विद्यार्थ्याचा समकक्ष कोण? प्रस्थापित नियतकालिकांच्या अभिरुचीपुढे दलित लेखकांचे लेखन पारखले जात होते, तेव्हा ती अभिरुचीच निकष म्हणून अपुरी होती. गंगाधर पानतावणे यांना ‘अस्मितादर्श’ चालवावे लागले ते त्यामुळेच. तेथेही लेखन पारखले जात होतेच. बदलला होता तो पारखणाऱ्याचा अनुभव. चाळण्या कडक कराव्यात असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास नजरेआड करू नये. कडक चाळणीतून जे गळते ते नेहमीच कोंडा असते असे नाही.

समजा, अकोल्याकडील एखादी विद्यार्थिनी आपल्या आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्यांवर निबंध लिहिते. परीक्षक बोलीतील रूपे ‘अशुद्ध’ म्हणून खोडतो, दोन पाश्चात्त्य सिद्धान्तकारांची नावे सुचवतो आणि निबंध परत पाठवतो. अभिप्राय लेखी आहे, कारणेही दिली आहेत. वर मांडलेल्या निकषावर तो उतरतो असेच वाटेल. पण त्याने विचारायचे होते ते राहूनच गेले : या ओव्या कोणी म्हटल्या, कोणत्या गावी, सासरी की माहेरी शिकलेल्या, आणि दुसरी बाई त्याच ओळी कशा म्हणते? या प्रश्नांनी विद्यार्थिनीला पुन्हा गावाकडे जावे लागले असते. आजी हयात असेल तर तिच्याजवळ, नसेल तर शेजारणीकडे बसावे लागले असते. सिद्धान्तकारांची नावे घालायला मात्र तिला ग्रंथालयापलीकडे जावे लागत नाही. तेवढी दुरुस्ती करून ती निबंध पुन्हा पाठवते आणि तो छापलाही जातो. आजीचे नाव तळटीपेतही नसते.