अंतिम म्हणजे बरोबर नव्हे

पंचाचा निर्णय अंतिम राहील, ही ओळ जत्रेतल्या कुस्त्यांच्या पत्रकावर तळाशी छापलेली असते आणि फुटबॉलच्या जागतिक नियमावलीतही ती असतेच. ती हवीच. प्रत्येक शिट्टीवर सुनावणी भरवायची ठरवली तर सामना उजाडेपर्यंत संपायचा नाही. गोंधळ होतो तो पुढे. अंतिम ठरलेला निर्णय बरोबरही असलाच पाहिजे, असं आपण धरून चालतो. मग चूक ढळढळीत दिसली की पंचमुखी परमेश्वर म्हणून ज्याच्यापुढे मान तुकवली, त्याला एका क्षणात चोर ठरवतो. परमेश्वर आणि चोर यांच्या मधे चुकणारा माणूस बसतो, हे कुणाला सुचत नाही.

11 जून 2024 रोजी दोह्यात फुटबॉल विश्वचषक पात्रता फेरीचा भारत-कतार सामना झाला. जिंकलो असतो तर भारत पहिल्यांदाच तिसऱ्या फेरीत गेला असता. मुंबई सिटीकडून खेळणाऱ्या छांगटेनं 37व्या मिनिटाला गोल करून आघाडीही मिळवून दिली होती. 73व्या मिनिटाला युसूफ आयमनचा हेडर गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूनं अडवला आणि चेंडू घरंगळत गोलरेषेच्या बाहेर गेला. खेळ थांबणार असं समजून आपले खेळाडू सैल पडले. तेवढ्यात कतारच्या एकानं बाहेर गेलेला चेंडू पायानं आत ओढला आणि आयमननं तो जाळ्यात मारला. दक्षिण कोरियाच्या पंचांनी गोल दिला. त्या फेरीत व्हिडिओ पंच, म्हणजे व्हीएआर, नव्हता. 85व्या मिनिटाला कतारनं दुसरा गोल केला आणि आपण 2-1 हरलो. भारतीय महासंघानं चौकशीची मागणी केली, पण निकाल जिथल्या तिथे राहिला.

जालना जिल्ह्यातल्या आमच्या आष्टीत फुटबॉलवर फारसं कुणी भांडत नाही. पण पंचाच्या निर्णयावरून भांडायचं म्हटलं की कुस्तीचा विषय निघतो, आणि तिथे प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काही असतं. परतूर-मंठ्याच्या या पट्ट्यात जत्रेचा फड बघणाऱ्याला ठाऊक आहे की निकाली कुस्तीत गुण नसतात, पाठ टेकली की संपलं. खालचा मल्ल मान रोवून अंगाचा पूल करतो, वरचा त्याला दाबत असतो आणि पंच मातीवर जवळजवळ आडवा होऊन खांदा आणि माती यांच्यात फट आहे का ते बघतो. हलगी थांबलेली असते. पंचानं हात वर केला की निम्मी माणसं उड्या मारतात, निम्मी ओरडतात, ‘लागली नाही, लागली नाही!’ वाद फारच चिघळला तर वडीलधारे मध्ये पडतात, कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम वाटून देतात. हे काही आदर्श न्यायदान नव्हे. वजनदार माणसाचा पठ्ठ्या असला की बरोबरी लवकर होते, हेही सगळ्यांना माहीत आहे. पण पंच हाताच्या अंतरावर असतो. दुसऱ्या दिवशी तो बाजारात भेटतो आणि ‘काय दिसलं रे तुला?’ या प्रश्नाला त्याला उत्तर द्यावंच लागतं.

खेळ मोठा झाला की नेमकं हेच उत्तर गळून पडतं. 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराज राक्षेला पंचांनी चितपट दिलं. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा, असा राक्षेचा आग्रह होता. तो मानला गेला नाही आणि त्यानं पंचाची कॉलर धरून लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांशी वाद घालून आखाडा सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन कुठल्याच तोंडानं करता येत नाही. उद्या कोण शहाणा पंच व्हायला पुढे येईल? पण लाथेला शिक्षा झाली म्हणजे खांद्याचा प्रश्न सुटला असं होत नाही. ते दोन वेगळे खटले आहेत, आणि पहिल्याचा निकाल लावून दुसरा गुंडाळून ठेवायची आपली जुनी खोड आहे.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे यंत्र. चेंडू रेषेबाहेर होता का, एवढंच विचारायचं असेल तर कॅमेरा माणसापेक्षा बरा. दोह्यात तो असता तर तो गोल टिकला नसता. पण 30 सप्टेंबर 2023 रोजी लंडनमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस डियाझनं केलेला गोल मैदानावर ऑफसाइड ठरला, तेव्हा यंत्र हजर होतं. पडद्यासमोरच्या पंचाचा समज झाला की मैदानावर गोल दिलेलाच आहे. त्यानं तपासणी पूर्ण झाल्याचं कळवलं आणि खरा गोल बाद राहिला. तिथेही निकाल बदलला नाही. मात्र पंच संघटनेनं त्याच दिवशी चूक कबूल केली आणि काही दिवसांत पंचांमधलं संभाषण जसंच्या तसं लोकांना ऐकवलं. ते ऐकल्यावर कटाची शंका धरायला फारशी जागा उरत नाही. घाईत गडबडलेली माणसं मात्र स्पष्ट ऐकू येतात.

शिवाय काही निर्णय कॅमेऱ्याच्या आवाक्यातलेच नसतात. 3 मार्च 2023 रोजी बंगळुरूत आयएसएल या फुटबॉल लीगच्या बाद फेरीत केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहायच्या आत सुनील छेत्रीनं फ्रीकिक मारून गोल केला. पंचानं थांबवलं नसेल तर अशी झटपट किक नियमात बसते. थांबवलं होतं की नव्हतं, यावरच सारं भांडण होतं. केरळचा संघ मैदान सोडून गेला आणि नंतर क्लबला 4 कोटी रुपये दंड झाला. अशा वेळी चित्र दहादा बघून भागत नाही. पंचानं काय ठरवलं आणि का, हे त्याच्याच तोंडून कळावं लागतं.

चुका अशा उघड केल्या तर पंचांचा धाक राहणार नाही, असं संघटनांमधले लोक म्हणतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्यामागचा हिशोब. पण आज प्रेक्षकांच्या हातात मोबाइल आहे. दोह्यातला चेंडू त्याच रात्री लाखो लोकांनी थांबवून थांबवून पाहिला. मूठ उघडीच आहे. ती झाकलेली आहे असं फक्त संघटनांना वाटतं. आणि गप्प राहण्याची किंमत पंचच मोजतो: कारण न दिलेल्या चुकीला लोक आपल्या मनानं कारण जोडतात आणि ते बहुधा पैशाचं असतं.

म्हणून शिट्टी वाजल्यावर खेळाडूनं ती मानावी, निकालही मागाहून फिरवू नये. पण खेळाडूवर बंदीचं पत्रक जितक्या झटपट निघतं, तितक्याच झटपट निर्णयाचं कारणही निघावं: पंचाला काय दिसलं, कुठला नियम लावला आणि चुकलं असेल तर कुठे चुकलं. पंचाला चुकण्याची मुभा हवी. चूक दडवण्याची मुभा मात्र त्याच्या संघटनेला नको.